घाटात मिस मारणारी गाडी आणि प्लगचा गॅप

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना मला खंबाटकीचा घाट चढावा लागायचा. माझी १२५ सीसीची मोटरसायकल सपाट रस्त्यावर तासाला साठच्या वेगाने सुरळीत चालायची. घाटाचं पहिलं वळण घेऊन थ्रॉटल पिळला, की मात्र झटके सुरू व्हायचे. गियर खाली टाकला, थ्रॉटल थोडा सोडला, की पुन्हा ठीक. गॅरेजमध्ये दोनदा कार्बोरेटर साफ झाला, एअर फिल्टर बदलला. तरी पुढच्या घाटात तीच गत. शेवटी घरी प्लग काढून गॅप मोजला तो १.१ मिलिमीटर निघाला. पुस्तिकेत दिला होता ०.८ ते ०.९. दहा मिनिटांचं काम होतं, आणि त्यासाठी दोन महिने गेले होते.

हा अनुभव सांगण्याचं कारण असं की ‘गाडी मिसिंग मारतेय’ म्हटल्यावर आपल्याकडे पहिला हात कार्बोरेटरला किंवा हल्ली इंजेक्टरला जातो. प्लग काढला तरी पॉलिश पेपरने घासून परत लावतात, गॅप मोजत नाहीत. खरं तर प्लगच्या गॅपमुळे येणारं मिसिंग ओळखण्याची एक खूण आहे. गाडी नेमकी कधी अडखळते, हे नीट पाहिलं तर निम्मं निदान पाना हातात घेण्याआधीच होतं.

प्लगच्या टोकाशी मधोमध एक बारीक दांडी असते आणि तिच्यावर कमानीसारखं वाकलेलं दुसरं टोक असतं. या दोहोंमधली मोकळी जागा म्हणजे गॅप. या जागेतून ठिणगी उडवायला काही हजार व्होल्टचा दाब लागतो आणि तो इग्निशन कॉइल पुरवते. किती व्होल्ट लागतील हे फक्त अंतरावर ठरत नाही. फ्रीडरिख पाशेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १८८९ मध्ये दाखवून दिलं की वायूतून ठिणगी पाडायला लागणारं व्होल्टेज त्या वायूचा दाब आणि दोन टोकांमधलं अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतं. इंजिनाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. थ्रॉटल पूर्ण उघडला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण शिरतं, पिस्टन ते दाबतो तेव्हा दाब खूप वाढतो आणि त्याच गॅपमधून ठिणगी पाडायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. कॉइलची ताकद ठरलेली असते. गॅप जास्त असेल तर सपाटीवर ती कशीबशी पुरते आणि चढावर, डबलसीट असताना किंवा ओव्हरटेक करताना कमी पडते. ठिणगी चुकते आणि गाडी झटका खाते.

गॅप कमी असला की उलटं घडतं. ठिणगी सहज पडते, पण ती इवलीशी असते. तिच्यातून पेटलेल्या ज्योतीचा पहिला ठिपका दोन थंड धातूंच्या मध्ये अडकतो आणि त्याची उष्णता धातूच खेचून घेतात. भरपूर, दाट मिश्रण असेल तर तो तग धरतो. पण गाडी सिग्नलला उभी असते, थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, तेव्हा सिलिंडरमध्ये ताजं मिश्रण थोडं आणि आधीच्या स्फोटाचा उरलेला धूर जास्त असतो. अशा वेळी तो ठिपका विझतो. म्हणून कमी गॅपची गाडी उभी असताना थरथरते, मध्येच बंद पडते, हळू वेगात अडखळते, आणि रेस दिली की मात्र सुधारते. शिवाय अरुंद गॅपमध्ये काजळीचा एखादा कण अडकला तर दोन्ही टोकं जोडली जातात आणि ठिणगी पूर्णच बंद होते.

तेव्हा ओझ्याखाली अडखळत असेल तर गॅप जास्त असल्याचा संशय घ्यायचा आणि उभ्या गाडीत अडखळत असेल तर कमी असल्याचा. सकाळी थंड इंजिन उशिरा सुरू होणं या दोन्हींत दिसू शकतं, त्यामुळे त्या एकाच लक्षणावरून काही ठरवू नका.

ज्यांच्याकडे सीएनजीची गाडी आहे त्यांना एक जास्तीची सोय आहे. सीएनजीचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात. त्यामुळे गॅप वाढू लागला की त्रास आधी सीएनजीवर दिसतो. चढावर सीएनजीवर झटके येतात, पेट्रोलवर बटण फिरवलं की गाडी गुळगुळीत चालते, असं असेल तर गॅस किटवाल्याकडे जाण्याआधी प्लग पाहा. सीएनजीवर चालणाऱ्या इंजिनांत प्लग लवकर झिजतात, म्हणून रिक्षा आणि टॅक्सीवाल्यांनी तर ही तपासणी ठरावीक किलोमीटरला करायलाच हवी. काही कंपन्या सीएनजी मॉडेलसाठी गॅप वेगळा देतात. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतलाच आकडा धरा.

रस्त्याकडेला सगळेच करतात त्या परीक्षेविषयी इथे सांगायला हवं. प्लग काढायचा, कॅपमध्ये खोचायचा, इंजिनच्या धातूला टेकवायचा आणि किक मारायची. निळी ठिणगी दिसली की ‘करंट आहे, प्लग ठीक आहे’ असा निकाल द्यायचा. या परीक्षेतून करंट प्लगपर्यंत येतो एवढंच कळतं, गॅप बरोबर आहे का ते कळत नाही. कारण बाहेर हवेचा दाब साधा असतो, सिलिंडरमध्ये तो कित्येक पट असतो. उघड्यावर दीड मिलिमीटरच्या गॅपमधूनही छान ठिणगी उडेल आणि तोच प्लग घाटात दगा देईल. परीक्षा करायचीच असेल तर प्लगच्या भोकाजवळ पेट्रोलची वाफ असते हे लक्षात ठेवून प्लग भोकापासून दूर धरा, त्याचा धातू इंजिनला पक्का टेकलेला असू द्या, आणि तो उघड्या हातात धरू नका. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, असलेल्या आजच्या गाड्यांवर हा प्रयोग न केलेलाच बरा. प्लगला नीट अर्थिंग मिळालं नाही तर कॉइल आणि इलेक्ट्रॉनिक्स दोन्ही धोक्यात येतात.

आता गॅप किती हवा. इथे एक जुनी सवय आडवी येते. दोन स्ट्रोकच्या स्कूटरींच्या काळात मेकॅनिक लोखंड कापायच्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा गॅपमध्ये सरकवून बघायचे. ते ब्लेड साधारण ०.६५ मिमी जाडीचं असतं आणि त्या काळच्या स्कूटरींचा गॅप ०.६ च्या आसपास असायचा. म्हणजे ती युक्ती तेव्हा चुकीची नव्हती. मात्र आजच्या १०० ते १२५ सीसीच्या अनेक गाड्यांना ०.८ ते ०.९ मिमी लागतो, बऱ्याच चारचाकींना १ ते १.१ मिमी लागतो. वस्तादांकडून शिकलेला हात आजही ब्लेडकडे जातो आणि ०.९ चा नवाकोरा प्लग ठोकून ०.६५ वर आणला जातो. मग ‘नवा प्लग टाकला तरी गाडी सिग्नलला बंद पडते’ अशी तक्रार सुरू होते. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की नवीन प्लग बसवून घेताना समोर उभं राहून गॅप मोजायला सांगा, असा माझा आग्रह असतो.

योग्य आकडा मालकाच्या पुस्तिकेत असतो. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर बहुधा मिळते. प्लगच्या नंबरातही खूण असते. एनजीकेच्या नंबराच्या शेवटी ‘-९’ असेल तर कारखान्यातून गॅप ०.९ मिमी ठेवलेला असतो, ‘-११’ असेल तर १.१ मिमी. म्हणून सीपीआर८ईए-९ या नंबरातला शेवटचा ९ गाळून ‘तसलाच द्या’ असं दुकानात सांगू नका. मधला ८ हा उष्णतेचा आकडा आहे. तोही मनाने बदलायचा नाही. त्यात आणखी गोंधळ असा की एनजीकेमध्ये हा आकडा वाढला की प्लग थंड प्रकारचा होतो आणि बॉशमध्ये वाढला की गरम प्रकारचा. एका कंपनीचा आकडा पाहून दुसऱ्या कंपनीचा प्लग निवडला तर नेमका उलटा प्लग हातात येतो. दुकानदाराकडच्या तक्त्यात जुळणारा नंबर पाहूनच घ्या.

बसवताना बरोबर असलेला गॅप पुढे वाढतोच. प्रत्येक ठिणगीबरोबर धातूचा सूक्ष्म कण उडून जातो. चार स्ट्रोकचं इंजिन मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर फिरत असेल तर पेटवण्यासाठीच सेकंदाला चाळीसहून जास्त ठिणग्या लागतात, आणि अनेक मोटरसायकलींमध्ये धूर बाहेर पडतानाही एक वाया जाणारी ठिणगी पडते. साध्या निकेलच्या प्लगचा गॅप हजार किलोमीटरमागे साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने किंवा थोडा जास्त वाढतो. बारा हजार किलोमीटरनंतर ०.८५ चा गॅप एकच्या घरात पोचलेला असतो. बऱ्याच दुचाकींच्या पुस्तिकेत प्लग बदलायचं अंतर याच सुमारास दिलेलं असतं, त्यामागे हे गणित आहे.

काम सुरू करायचं तर साहित्य थोडंच लागतं. गाडीच्या टूलकिटमधला प्लग पाना, गॅप मोजायचं फिलर गेज, जुना टूथब्रश आणि सायकलचा पंप. फिलर गेज ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतं. पट्ट्यांचं मिळालं तर नव्या प्लगला चालेल. जुन्या प्लगसाठी तारेचं गेज चांगलं, कारण झिजलेल्या टोकाखाली खळगा झालेला असतो, सपाट पट्टी त्याच्या कडांवर टेकते आणि गॅप खरा असतो त्यापेक्षा कमी दाखवते. नाण्यासारखं गोल, कडेला जाडी वाढत जाणारं एक गेज मिळतं, ते मात्र टाळा. ते सरकवताना मधल्या दांडीवर जोर येतो.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. हेड अॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग फिरवला तर आटे जाण्याची भीती असते. आटे गेले की दहा मिनिटांचं काम हेड उतरवण्यापर्यंत पोचू शकतं. प्लग कॅप सरळ वर ओढा, वायर धरून ओढू नका. मग पंपाने प्लगभोवतीची धूळ उडवा. आपल्या रस्त्यांवरची माती प्लगच्या खोबणीत थराने साचते आणि प्लग काढला की ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. ही पायरी गॅरेजमध्येही हमखास वगळली जाते. तुम्ही वगळू नका.

प्लग हातात आला की गॅप मोजण्याआधी त्याचा रंग पाहा. चिनीमातीचं टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन नीट जळतंय. इंजेक्शनच्या गाड्यांत ते आणखी फिकट दिसतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रण दाट आहे, चोक अडकला आहे किंवा ठिणगी वारंवार चुकते आहे. ओलं, तेलकट काळं असेल तर इंजिन ऑइल वर येतंय. तिथे गॅप दुरुस्त करून दोन दिवस बरे जातील, मूळ दुखणं मात्र रिंगांचं किंवा व्हॉल्व्ह सीलचं असेल. टोक पांढरंफटक आणि त्यावर बारीक फोड दिसले तर प्लग फार तापतोय. मिश्रण पातळ आहे का किंवा प्लग चुकीच्या प्रकारचा आहे का ते पाहावं लागेल. चिनीमातीला बारीकशी जरी चीर असेल तर तो प्लग फेकून द्या, गॅप मोजायच्या भानगडीत पडू नका.

आता मोजा. आकड्याच्या जाडीची तार हलक्या घर्षणाने सरकली पाहिजे. ढिली जात असेल तर गॅप जास्त, शिरतच नसेल तर कमी. गॅप कमी करायचा तर प्लग उलटा धरून वरची कमान लाकडाच्या फळीवर अलगद टेकवा. एक ठोका, एक मोजणी, पुन्हा एक ठोका. जोरात आपटून एकदम बंद करायचा आणि मग उघडत बसायचं, असं करू नका, कमान मुळाशी कमकुवत होते. गॅप वाढवायचा तर गेजवरच्या खाचेत कमान पकडून किंचित उचला. मधल्या दांडीला कशानेही रेटू नका. स्क्रू ड्रायव्हर मध्ये घालून पिळला की बाहेरून न दिसणारी चीर चिनीमातीला पडते. दोन्ही टोकं समांतर दिसली पाहिजेत. कमान तिरकी असेल तर मोजलेल्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

मधली दांडी गोल झिजली असेल तर गॅप दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका, नवा प्लग घ्या. ठिणगी तीक्ष्ण कडेवरून सहज उडते, बोथट टोकावरून तिला जास्त व्होल्ट लागतात. म्हणजे गॅप आकड्यावर आणूनही चढावरचं मिसिंग पूर्ण जाणार नाही. इरिडियमच्या प्लगला तर हात लावतानाही जपावं लागतं. त्याची मधली दांडी सुईसारखी बारीक असते. तो घासू नये, तारेच्या ब्रशने साफ करू नये. गॅप फक्त तारेच्या गेजने बघावा आणि बरोबर नसेल तर दुकानात परत द्यावा. नवा प्लगही खोक्यातून काढल्यावर एकदा मोजा. खोकं काउंटरवरून खाली पडलेलं असलं तर कमान दबलेली असते. बाजारात बनावट प्लगही फिरतात. त्यांची छपाई पुसट, आटे खडबडीत आणि मधली दांडी कमानीच्या केंद्रात नसलेली दिसते. असा प्लग चार पैसे वाचले म्हणून लावू नका.

परत बसवताना पहिले सगळे फेरे बोटांनी द्या. बोटांनी फिरत नसेल तर प्लग तिरका शिरतोय, काढून पुन्हा सुरुवात करा. बोटांनी घट्ट झाल्यावर नव्या वायसरच्या प्लगला पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो. तोच जुना प्लग परत लावत असाल तर वायसर आधीच दबलेला असतो, त्याला फेऱ्याच्या बाराव्या भागाइतकाच रेटा द्या. ढिला प्लग उष्णता हेडकडे पोचवू शकत नाही आणि तापतो. अति घट्ट केलेला प्लग आटे घेऊन बाहेर येतो. पान्याला पाइप लावून जोर देणारा मेकॅनिक दिसला तर त्याला थांबवा.

पल्सरच्या डीटीएस-आय गाड्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. पुण्याच्या बजाजने २००३ साली आणलेल्या या गाडीच्या एका सिलिंडरमध्ये दोन प्लग आहेत. एक मेला तरी दुसऱ्यावर गाडी चालत राहते. पिकअप थोडा कमी होतो, मायलेज उतरतं, आणि मालक पेट्रोल पंपाला दोष देत राहतो. त्यातला एक प्लग सहज हाताशी येतो, दुसऱ्यापर्यंत पोचायला त्रास पडतो, म्हणून सर्व्हिसमध्ये बहुधा एकच बदलला जातो. दोन्ही काढा, दोन्हींचा गॅप मोजा, बदलायचे तर दोन्ही एकदम बदला.

चारचाकीत चारपैकी कोणतं सिलिंडर चुकतंय हे आधी शोधावं लागतं. स्कॅनर लावला की पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी कोड येतो, शेवटचा आकडा सिलिंडरचा. समजा पी०३०२ आला. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे प्लग आपसात बदला, कोड पुसा आणि गाडी चालवा. आता पी०३०३ आला तर दोष प्लगबरोबर सरकला, म्हणजे प्लगमध्येच आहे. पी०३०२ च राहिला तर कॉइल किंवा इंजेक्टरची अशीच अदलाबदल करून पाहा. हातात एकही नवा पार्ट न घेता होणारी ही तपासणी आहे आणि ती केल्याशिवाय कॉइल बदलायला होकार देऊ नका. डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र प्रयोग करत फिरू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, तो जळून निकामी होतो, आणि त्याची किंमत शंभर प्लगांहूनही जास्त असते. दुचाकींतही आता कन्व्हर्टर आहे, तेव्हा ‘थोडं मिसिंग आहे, चालतंय’ म्हणत महिनाभर गाडी ओढणं महागात पडतं.

पावसाळ्यात एक जोडदोष फार दिसतो. गॅप वाढलेला असतो, पण उन्हाळाभर गाडी चालून जाते. पहिल्या मोठ्या पावसात मिसिंग सुरू होतं, आणि गाडी ‘पाण्याने’ बंद पडली असं आपण समजतो. होतं असं की गॅप ओलांडायला जास्त व्होल्ट लागतात आणि ओल्या, चिरलेल्या प्लग कॅपमधून बाहेर निसटायला कमी लागतात. वीज सोपी वाट धरते. रात्री अंधारात गाडी सुरू करून कॅप आणि वायरकडे पाहा. निळसर ठिणग्या बाहेर उडताना दिसल्या तर कॅप बदला, आणि त्याच वेळी गॅपही मोजा, कारण नुसती कॅप बदलली तर विजेचा रेटा तसाच राहतो आणि नवी कॅपही त्याच वाटेने जाते. बऱ्याच मोटरसायकलींची कॅप वायरवर स्क्रूसारखी बसवलेली असते. ती फिरवून काढा, वायरचं काळं, हिरवं पडलेलं टोक अर्धा सेंटिमीटर कापा आणि कॅप परत फिरवून बसवा.

काम झालं की अंगणात रेस देऊन समाधान मानू नका. उभ्या गाडीत नुसत्या रेसवर सिलिंडरमधला दाब फारसा वाढत नाही, त्यामुळे जास्त गॅपचा दोष तिथे दिसणारच नाही. मागे कुणाला तरी बसवा, जवळचा चढ गाठा, वरच्या गियरमध्ये थ्रॉटल उघडा. ज्या ठिकाणी आणि ज्या वेगाला गाडी अडखळत होती तिथेच ती पुन्हा चालवून पाहा.

तरीही झटके येत असतील तर टाकीत पाणी, तुंबलेला जेट किंवा फिल्टर, इनटेकची फाटलेली रबरी नळी, टॅपेट यांची पाळी आली. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी शोषतं, तेव्हा पावसाळ्यात महिनाभर उभी राहिलेली गाडी असेल तर आधी टाकीचं पेट्रोल बाटलीत काढून तळाशी पाणी साचतं का बघा. मेकॅनिककडे गेलात तर ‘गाडी मिसिंग मारते’ एवढंच सांगू नका. प्लगचा नंबर अमुक, गॅप काल मोजून ०.८५ केला, चढावर तिसऱ्या गियरला झटका येतो, उभी असताना ठीक आहे, असं सांगा. एवढं ऐकल्यावर तो प्लग बाजूला ठेवून पुढच्या कामाला लागू शकतो.